धनुष्य घे, असं मी म्हणालो

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मला जे पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं. सकाळची वेळ होती, कॉलेजच्या मैदानावर एनसीसीच्या पोरांची परेड चालू होती आणि फोनवर माझी बहीण सुमन नुसतं "दादा... दादा..." म्हणत होती. मग कोणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. ऑफिसचा जिना चढताना कोसळले, म्हणाले, दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. मी "निघतो" म्हणालो, पोरांना विश्राम दिला आणि मोटारसायकलपाशी आलो. किल्ली लावताना माझ्या छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला, पाठीवरचं पोतं टाकल्यावर हमालाचा पडतो तसा. सुटलो, असा त्याचा अर्थ होता. पुढं त्याच्या पायाशी बसल्यावर मला रडू आलं आणि ते खोटं नव्हतं. पण तो श्वास रडण्याच्या आधी आला होता, आणि गेले काही आठवडे मी त्याचाच विचार करत बसलोय.

जालन्यातले पुष्कळ लोक त्याला ओळखायचे. जुन्या जालन्यात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. मुलांना डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानला पाठवायचा त्याचा व्यवसाय. खेड्यातले आई-बाप पोरगं एवढ्या लांब पाठवायचं म्हणून घाबरून यायचे आणि याच्या समोर तासभर बसून हसत खाली उतरायचे. तो थापाही मारायचा थोड्या. तिकडची थंडी म्हणजे आपल्या पौषातल्यासारखीच, असं मी स्वतः त्याला एका माउलीला सांगताना ऐकलंय. अत्तर जरा जास्तच लावायचा. कुठंही उशिरा यायचा, आणि लोक त्याचीच वाट बघत थांबायचे. मी वेळेवर येतो. माझी वाट बघण्याची वेळ कधी कोणावर आली नाही.

तो माझा आतेभाऊ. टेंभुर्णीजवळ आमचं गाव. आत्याचा नवरा लवकर गेला आणि ती एवढ्याशा भानुदासला कडेवर घेऊन माहेरी आली, ती कायमची. आमच्या घरी तेव्हा मेंढरं होती. सुगी झाली की बा कळप घेऊन निघायचा, लोकांच्या रानात मेंढरं बसवत हिंडायचा, आणि शाळेला सुट्टी लागली की आम्ही दोघं त्याच्या मागं. बा कमी बोलणारा माणूस. त्याची माया शब्दांत नसायचीच, ती शोधावी लागायची... भाकरीचा पापुद्रा कोणाच्या ताटात टाकला, थंडीत घोंगडीचं टोक कोणावर ओढलं, गोफण कोणाच्या हातात आधी दिली. मी रोज शोधायचो आणि रोज मला ती भान्याच्या बाजूला सापडायची. बिनबापाचं लेकरू, म्हणून असेल. मोठेपणी मला ते कळलं. पण जे कळतं ते आत उतरतंच असं नाही.

गोफणीत तो पहिल्यापासून वरचढ. बाभळीच्या फांदीला बा डबडं बांधायचा. माझा दगड पानं झाडायचा, त्याचा डबड्यावर वाजायचा. वाजलं की बा मान वर न करता नुसतं "हं" म्हणायचा. त्या एका "हं"साठी मी काय काय केलं असेल. शाळेत नंबर काढला, पुस्तकं वाचली, त्यामुळे भान्यानं मला लहानपणीच "गुरुजी" नाव ठेवलं, आणि पुढं मी खरंच मास्तर झालो तेव्हा तो सगळ्यांना सांगायचा, "बघा, मी म्हनलो व्हतो." म्हणजे माझ्या नोकरीचं श्रेयसुद्धा त्यालाच. मग त्याचं सुमनशी लग्न झालं. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, आमच्यात रीतच आहे, आणि बाची तर इच्छाच होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बानं मला सांगितलं, "आता भान्या म्हनायचं न्हाई. दाजी म्हनायचं." भान्या ओट्यावर बसून शेंगा खात होता. तो हसून हसून आडवा झाला.

"म्हन की गुरुजी. एकदा म्हन, मंग मी तुला आयुष्यात तरास देनार न्हाई."

"दाजी," मी म्हणालो.

"ऐकू न्हाई आलं," असं म्हणून त्यानं शेंगांची टरफलं माझ्या अंगावर टाकली. सगळे हसले. बाही हसला. मी पण हसलो असेन.

एक गोष्ट मात्र फक्त माझी होती. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला मी पहिल्यांदा पालथा झोपून रायफल खांद्याला लावली, श्वास अर्धा सोडून धरला, आणि मला कळलं की इथं कोणी माझ्यापुढं नाही. माझ्या गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची. माझ्यासारख्या घुम्या माणसाला ते काम शोभत होतं. त्यात बोलावं लागत नाही, हसावं लागत नाही, थांबावं लागतं. घरी येऊन बाला सांगितलं. बानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेस झालं. भान्याला बी शिकव." मी शिकवलं नाही. तो तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला गेला आणि तिथं त्यानं धनुष्य हातात घेतलं. विद्यापीठाच्या संघातून खेळला, बक्षिसं आणली. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. धनुष्य त्याचं, रायफल माझी. आमच्या दोघांच्या आयुष्यात पहिल्यांदाच बांध पडला होता.

काही वर्षांपूर्वी, महामारीचा काळ सरून विमानं पुन्हा नीट सुरू झाली तेव्हाची गोष्ट. त्यानं मला ऑफिसात बोलावलं.

"गुरुजी, एक सल्ला पायजे. फीस न्हाई भेटनार."

"मग चहा तरी मागव."

तिकडं किर्गिझस्तानात त्यानं पाठवलेली मुलं ज्या वसतिगृहात राहायची, त्याच्या मालकानं त्याला शिकारीचं आमंत्रण दिलं होतं. आपल्याकडं शिकारीचं नाव काढलं तरी गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. तिकडं उंच डोंगरात रानमेंढ्या आहेत. परवाना काढून, सरकारमान्य वाटाड्या बरोबर घेऊन त्यांतला एखादा म्हातारा एडका मारता येतो. आपण पाहुण्याला फेटा बांधतो, तसा तो त्यांच्याकडचा मान. भानुदासला शिकारीची हौस होती असं नाही. त्याच्या जाण्यामागं बा होता. बाची नजर तेव्हा जवळजवळ गेलेली होती, कळप कधीचाच विकलेला होता, आणि भानुदास गावी आला की त्याला तिकडच्या मेंढरांच्या गोष्टी सांगत बसायचा. मी तिथं असायचो, पण बा विचारायचा त्याला.

"कुनाचीच न्हाईत म्हनतो?"

"कुनाचीच न्हाईत मामा. शिंगं असली मोठी, की गोल फिरून पुन्हा भाईर येतात."

"राखतं कोन?"

"कुनीच न्हाई."

बानं हाताची काठी गुडघ्यावर आडवी घेतली. मग म्हणाला, "समदी मेंढरं तिथूनच आली असतील. एकदा हात लावून ये... माझ्या नावानं." भानुदास म्हणाला, "जितेपनी कोन हात लावू देतंय मामा." आणि बा म्हणाला, "ते तुझं तू बघ. हात मात्र लाव." पोटच्या पोराला सोडून बानं ते काम त्याला सांगितलं. मी कधी विमानात बसलो नव्हतो, मला सांगून उपयोग नव्हता, हे बरोबरच. पण माझ्याकडं तोंडसुद्धा वळवलं नाही.

तर ऑफिसात चहा आला आणि भानुदास म्हणाला, "ते विचारून राह्यलेत, धनुष्य का रायफल. परवान्यात आधी लिहावं लागतं. रायफल त्यांच्याकडं भेटती. धनुष्य न्यायचं तर माझं न्यावं लागंल." मी विचारलं, तुझ्या मनात काय आहे. तो म्हणाला, "मला रायफलच बरी वाटती. लांबून काम व्हतं. जनावराला बी तरास न्हाई, एका झटक्यात मोकळं. पन मला कुठं येती? तू शिकव ना. चार दिवस तुझ्या एनसीसीच्या फायरिंग रेंजवर येतो, पोरांच्या मागं उभा राहतो, शिस्तीत. बिलकुल बोलनार न्हाई."

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. उघडे डोंगर, झाडाचा आडोसा नाही, वारा कधी खालून कधी वरून, आणि मेंढीची नजर किती लांब जाते हे आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत. अशा जागी नवख्या माणसानं दुसऱ्या डोंगराच्या अंगावरून, दगडावर रायफल टेकवून, दुर्बिणीतून एक गोळी घालायची असते. धनुष्याला जवळ जावं लागतं, अगदी जवळ, आणि भानुदासची अडचण जवळ जाण्यातच होती, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. जत्रेला देवापुढं बोकड कापायची वेळ झाली की हा सरपण आणायच्या निमित्तानं निघून जायचा. मटण मिटक्या मारत खायचा, पण जनावराच्या तोंडाकडं बघून त्याचा हात चालत नसे. पुठ्ठ्यावरच्या रंगीत गोलाला तोंड नसतं. समोर जिती मेंढी उभी राहिली की याचा हात हलणार, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या दिसत होतं.

आणि दुसरंही दिसत होतं. हा माझ्या रेंजवर येणार, पहिल्या दिवशी पोरांना हसवणार, चौथ्या दिवशी त्याच्या गोळ्या नाण्याखाली झाकल्या जाणार. मग तिकडं जाऊन एडका पाडणार आणि बाच्या पायाशी बसून सांगणार, गुरुजीनं शिकवलं, एका गोळीत काम केलं. आणि बा म्हणणार, "हं."

"धनुष्य घे," मी म्हणालो.

तो बघत राहिला. मी इतका सलग कधी बोललो नसेन. म्हणालो, रायफलीत तुझं काय आहे? वाटाड्या जनावर दाखवणार, त्याचीच बंदूक, त्याचीच दुर्बीण, तू नुसतं बोट दाबणार. बानं हात लावून ये म्हटलंय. लांबून गोळी घालून मेलेल्याला हात लावायचा, ह्याला काय अर्थ? मेंढपाळाचा पोरगा ना तू? जवळ जाता येतं तुला, त्यांना येत नाही ते. रेंजचं म्हणशील तर बाहेरच्या माणसाला तिथं आणायला नियमात बसत नाही... यातलं नियमाचं तेवढं खरं होतं. पण माझ्या घरी छऱ्याची बंदूक खुंटीला होती, आणि धरायचं कसं, श्वास कुठं थांबवायचा, हे दोन दुपारी अंगणात शिकवता आलं असतं. उरलेलं वाटाड्यानं करून घेतलं असतं.

"हे बराबर बोललास," तो हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या ध्यानातच न्हाई आलं, मामा काय म्हनून राह्यलेत ते."

मला एवढंच हवं होतं की त्यानं एकदा रिकाम्या हातानं परत यावं. एकदाच बासमोर बसून त्यानं म्हणावं, न्हाई जमलं. जनावर जखमी व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. असं मी इथं लिहितोय खरं, पण हलणाऱ्या हातात बाण देणाऱ्यानं तो बाण कुठं जाईल याचा विचार करायला हवा होता. मी केला नाही.

तो परत आला तेव्हा मुंबईहून आधी घरी न जाता थेट माझ्याकडं आला. ओठ फाटलेले, चेहरा काळवंडलेला. ओट्यावर बसला, माझ्या बायकोनं आणलेलं पाणी तसंच हातात धरून राहिला. ती आत गेल्यावर त्यानं सांगितलं. वाटाड्यानं बरेच दिवस फिरवलं होतं. रायफल असती तर दोन वेळा सहज काम झालं असतं, असं तो वाटाड्या सारखा म्हणत होता. शेवटी एका कड्याच्या वरून, वारा तोंडावर घेत, दोघं पोटावर सरकत गेले, आणि खाली एक म्हातारा एडका एकटाच चरत होता. आपल्या अंगणापासून चिंचेपर्यंत असेल, तेवढ्यावर. भानुदासनं दोरी ताणली. हात हलला नाही, म्हणाला. दगडासारखा होता हात. पण एडका चरत चरत पुढं निघाला, कळपातून फुटलेलं मेंढरू निघतं तसा, मान खाली घालून, आपल्याच नादात... "आन् गुरुजी, माझ्या तोंडातून हाक गेली."

मी विचारलं, कसली हाक?

त्यानं जीभ टाळूला लावून ती केली. टिर्रर्र... फुटलेल्या मेंढराला कळपात वळवायची आमच्या बाची हाक. ती आपण मारत नाही, ती आपोआप निघते. मेंढरू चुकीच्या वाटेनं जाताना दिसलं की निघतेच. मी स्वतः एकदा वर्गात खिडकीतून कळप जाताना बघून मारलीय, पोरं अजून हसतात. भानुदासच्या तोंडून ती बाण सुटताना गेली. एडका दचकून वळला आणि बाण पोटात, मागच्या बाजूला लागला. तो पडला नाही. दरडीवरून खाली गेला, पलीकडं चढला, आणि दिसेनासा झाला. हे दोघं रक्त बघत गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. मग बर्फ आलं आणि खुणा बुजल्या. वाटाड्या म्हणाला, रक्त दिसलं की परवाना संपला, शिकार झाली असंच आम्ही धरतो, चला. भानुदासनं त्याचे पाय धरले म्हणे. तो आला नाही. हा एकटा जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला दंडाला धरून घोड्यावर बसवलं.

"तू बराबर सांगितलं व्हतं," तो मला म्हणाला. "धनुष्यच घ्यायला पायजे व्हतं. त्याच्यात काई चूक न्हाई. माझ्याच तोंडानं घात केला. हाकेचं कुनाला सांगू नको, गुरुजी. लोक हसतील... आन् मामाला तर बिलकुल न्हाई."

त्याच क्षणी सांगता आलं असतं. पेला अजून त्याच्या हातात होता. मी म्हणालो, "पाणी पी."

बाचा एक नियम होता आणि तो सोडला तर त्यानं आयुष्यात दुसरा कुठला नियम आम्हाला सांगितला नाही. दुखावलेलं जनावर मागं सोडायचं नाही. चालत नसेल तर खांद्यावर घ्यायचं, मेलं असेल तर माती द्यायची, पण मागं सोडायचं नाही. त्यापायी तो किती वेळा आल्या वाटेनं परत गेला असेल. भानुदासनं हे माहीत असून त्याच्याशी खोटं बोलायचं टाळलं. हाक तेवढी गाळली, बाकी सगळं सांगितलं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. बानं विचारलं, "हात लावला का?"

"न्हाई मामा. दुखावला. सापडला न्हाई."

"मंग तू आलास कसा?"

बानं तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर तो भानुदासशी वाईट वागला नाही, विचारपूस करायचा, जेवला का म्हणायचा. पण गोष्टी सांग म्हणाला नाही. भानुदास आला की त्याचा हात चाचपडत पुढं यायचा, तो यायचा थांबला. आणि हळूहळू तो हात माझ्याकडं यायला लागला. किसना आहे का, किसनाला बोलवा, किसनाच्या हातचं पाणी द्या. पुढच्या वर्षी बा गेला तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि भानुदास दाराशी उभा होता. ज्या मायेसाठी मी जन्मभर झुरलो, ती शेवटच्या एका वर्षात मला मिळाली. मला बरं वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मला फार बरं वाटत होतं.

भानुदासनं धनुष्य माळ्यावर टाकलं. रविवारी तो मोकळ्या मैदानावर पोरांना तिरंदाजी शिकवायचा, ते बंद केलं. त्याची मुलगी शीतल, माझी भाची, शाळेपासून त्याच्याबरोबर जायची. तालुक्यात, जिल्ह्यात तिनं नंबर काढले होते. तिलाही त्यानं थांबवलं. सुमनला वाटलं बारावीमुळं असेल. मला माहीत होतं कशामुळं ते. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला. इतकं मोठं दुःख करायला माणसाचं मनही तेवढं मोठं लागतं. मी त्याच्या जागी असतो तर परत येऊन जेवलो असतो आणि झोपलो असतो.

एकदा मात्र सांगायच्या अगदी जवळ आलो होतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याच्या गाडीतून टेंभुर्णीला चाललो होतो. रस्त्यात कळप आडवा आला, लांबून आलेले कोणी मेंढके असावेत. मी नेहमीप्रमाणं घड्याळ बघितलं. त्यानं गाडी बाजूला लावली, उतरला, आणि कळपात शिरला. वाकून वाकून मेंढरांचे पाय बघत होता. कडक इस्त्रीची पँट, पॉलिशचे बूट, आणि धुळीत वाकलेला. मेंढका म्हणाला, "काय शोधता साहेब?" हा म्हणाला, "काई न्हाई. एखादं लंगडतं का बघून राह्यलो." एक सापडलं. त्यानं ते मांडीत धरून खुरातला काटा काढला, मेंढक्याशी दोन गोष्टी केल्या, तंबाखू खाल्ली, परत आला. सुमननं नंतर सांगितलं, कुठलाही कळप दिसला की असंच करतात, किती वर्षं झाली, वेड लागल्यासारखं. गाडीत बसताना त्याच्या अंगाला अत्तराऐवजी मेंढरांचा वास येत होता. बाचा वास. मी म्हणालो, "भान्या..."

"दाजी म्हन."

"भान्या, ऐक."

"बोल की."

"काही नाही. उशीर व्हायलाय."

"तुला काय गुरुजी, जन्माला बी टायमावर आला असशील," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

मातीला खूप लोक आले. तिकडं शिकून डॉक्टर झालेली पोरं कुठून कुठून आली, त्यांचे आई-बाप आले, कापडदुकानवाले, रिक्षावाले. माझ्या वेळी यातले चौथाईसुद्धा येणार नाहीत, हे खांदा देताना माझ्या मनात आलं. मेल्यावरही सोडलं नाही मी त्याला.

दहाव्याला पाहुणे पांगल्यावर मी टेंभुर्णीला भानुदासच्या घरी मागच्या खोलीत टेकलो होतो. शीतल आली. आता ती नोकरीला लागलीय, अंगानं बापासारखी उंच, हसतेही तशीच, पण त्या दिवशी हसत नव्हती. तिच्या हातात माळ्यावरचं धनुष्य होतं. तिनं ते फडक्यानं पुसून आणलं होतं. दोरीचे धागे सुटले होते.

"मामा, ही दोरी कुठं भेटंल? तुमच्या ओळखीचं कुनी असंल ना खेळाच्या सामानाचं?"

"बघतो," मी म्हणालो.

ती माझ्यासमोर खाली बसली. "पप्पांनी हे का सोडलं? तुम्हाला माहीत असंल. तुम्हालाच सगळं सांगायचे ते."

"कामाचा व्याप वाढला, बेटा. वेळ कुठं होता त्याला."

ती धनुष्याकडं बघत राहिली. म्हणाली, "मला म्हनले व्हते, आपल्या घरान्याच्या हातात न्हाई ते, सोड. मला वाटायचं, मी काई खास नव्हते म्हनून असं म्हनले. तोंडावर कसं सांगायचं म्हनून घरान्याचं नाव घेतलं." मग उठताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "पन मी वाईट नव्हते ना मामा?"

मी "नाही गं" म्हणालो. एवढंच. पुढचं तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात सुमननं चहाला हाक मारली आणि मी आपला उठलो. मला उठायला नेहमी काहीतरी कारण मिळतं.

दोरी मी मागवली, ती परवा आली. हे सगळं आधी वहीत नाही, थेट वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी लिहिलं, कारण हजार अनोळखी लोकांना सांगणं मला सोपं गेलं. ही पुरवणी रविवारी टेंभुर्णीला पोचते. त्याच्या आत जाऊन यायचं असं मी ठरवलंय. ठरवणं मला जमतं, त्याचं कौतुक नको. शीतलला समोर बसवून मला सांगायचं आहे की तुझ्या बापाला रायफल हवी होती, त्यानं ती शिकव म्हणून मला विनवलं होतं, आणि मी जाणूनबुजून त्याच्या हातात धनुष्य दिलं. त्याच्या हातात खोट नव्हती. तुझ्याही नाही. सुमनलाही हे सांगायचं आहे, आणि त्यानंतर तिनं मला दादा म्हणावं की नाही, हे तिच्यावर सोडायचं आहे. बाला आणि भानुदासला सांगायचं राहूनच गेलं. या दोघींना सांगणं अजून माझ्याकडं बाकी आहे.